पाखरू पाखराला बघून उतरतं

तितराचा नर आवाजाला भुलतो, हे फासेपारध्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून झुडपाआड ठेवायचा, भोवती तातीचे फास रोवायचे आणि दूर जाऊन बसायचं. पिंजऱ्यातला नर ओरडू लागला, की त्या रानात हद्द राखून असलेला नर चवताळून धावत येतो. आपल्या जागेत परका बोलतोय, हे त्याला सहन होत नाही. भांडायला आलेल्याचा पाय फासात अडकतो. या विद्येत पक्ष्याच्या वागण्याचा जो अभ्यास आहे, तो शास्त्रज्ञांच्या वहीत फार उशिरा आला. आणि ज्यांच्याकडे ही विद्या होती त्यांना १८७१च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो डाग कायद्याच्या पुस्तकातून पुसला गेला १९५२मध्ये. आज अकोला-वाशिमच्या गवताळ माळांवर ‘संवेदना’ या संस्थेबरोबर फासेपारधी तणमोरासारख्या पक्ष्यांच्या रक्षणाचं काम करतात. त्यांच्या ज्ञानाला मिळालेली ही सर्वांत योग्य जागा आहे, असं मला वाटतं.

कबुतराला मात्र तितरासारखं भांडणावर आणता येत नाही. घरट्यापुरती जागा सोडली तर त्याला चरण्याची अशी स्वतःची हद्दच नसते. ते थव्यानं चरतं. त्याला फसवायचं तर भुकेवर फसवावं लागतं. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रानकबुतरांची शिकार याच रीतीनं होते. आपल्याकडे हे रानकबुतर हिमालयाच्या बाजूला दिसतं. सह्याद्रीत त्याचा निलगिरी भाऊबंद आहे, पण तो जंगलात फळं खाऊन राहतो. ब्रिटनमधलं रानकबुतर थंडीत क्लोव्हर या चारा-पिकाची पानं, कोबी, मोहरीवर्गी पिकं ओरबाडतं. शिकारी शेतात खोटी किंवा आधी मारलेली कबुतरं मांडतो, तोंडं साधारण वारा येतो त्या दिशेला, मध्ये उतरायला मोकळी जागा आणि स्वतः आडोशाला. वरून जाणारं कबुतर खाली चरणारे भाईबंद बघतं, वळतं आणि वाऱ्याला तोंड देत त्या मोकळ्या जागेत उतरू लागतं. तिथेच बार पडतो.

ते का वळतं? अनोळखी गावात आपण गर्दीची खानावळ निवडतो, तोच हा हिशेब. चरणारा थवा दोन गोष्टी सांगतो : इथे खायला आहे आणि इथे धोका नाही. दुसरी गोष्ट पहिलीहून मोठी. रॉबर्ट केनवर्ड यांनी १९७८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकवलेला शिकारी पक्षी, गोशॉक, रानकबुतरांवर सोडला. एकट्या कबुतरावर त्याचे सुमारे ८० टक्के हल्ले यशस्वी झाले. पन्नासाहून मोठ्या थव्यावर ते प्रमाण १० टक्क्यांच्याही खाली आलं. जास्त डोळे असले की शिकारी लांबूनच दिसतो. एकट्यानं चरण्याची किंमत जीव असते, म्हणून थवा दिसला की उतरायची ओढ इतकी बळकट आहे.

पण हीच नजर उलटही चालते. रानकबुतराच्या पंखावर पांढरा पट्टा असतो. पंख मिटलेले असताना तो जेमतेम दिसतो, उडताना लखकन उघडतो. इंग्लिस आणि आयझॅकसन या ब्रिटिश संशोधकांनी शेतात वेगवेगळ्या स्थितीत कबुतरं मांडून पाहिली. पंख मिटलेली पाखरं इतरांना बोलावतात, पंख पसरून पांढरा पट्टा दाखवणारी त्यांना दूर ठेवतात. तोच पक्षी, तेच शेत, फरक पंख उघडण्याचा. म्हणजे आमिष आणि बुजगावणं या दोन वेगळ्या विद्या नाहीत. पाखरू दुसऱ्या पाखराकडे बघून काय समजतं, यावरच दोन्ही उभ्या आहेत.

चिंचवडच्या वाचकाला यात रस का असावा? इंद्रायणीकाठची चिखली, मोशी, डुडुळगाव, चऱ्होली ही गावं १९९७मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. पुढे चाकण. कारखान्यांच्या आणि इमारतींच्या मधे ज्वारीचा एखादा तुकडा उरलेला असला, की आसपासच्या साऱ्या पाखरांची नजर त्याच्यावर येते. पूर्वी शिवारभर वाटला जाणारा हिस्सा एकाच्याच माथी पडतो. उभ्या कणसावर येणारी मंडळी म्हणजे पोपट, चिमण्या, सुगरणी आणि हिवाळी पाहुण्या भोरड्या. कबुतर आणि होला कणसाला लोंबकळून खाणारे नव्हेत. ते जमिनीवरचं टिपतात : पेरलेला हरभरा, मळणीत सांडलेले दाणे, खळं.

मग बंदूक का नको? कायद्याचं उत्तर सरळ आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात होल्यांना संरक्षण मिळालं आणि १९९१च्या दुरुस्तीनं परवाना काढून शिकार करण्याची वाटही बंद झाली. शास्त्राचं उत्तर मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. ब्रिटनमध्ये एके काळी कबुतरं मारण्यासाठी सरकार काडतुसांना अनुदान देत असे. आर. के. मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केंब्रिजशायरमधल्या कार्लटन इथे वर्षानुवर्षं मोजणी केली. हिवाळ्याअखेर किती कबुतरं जगतील, हे क्लोव्हरची पानं किती उरली आहेत त्यावर ठरत होतं. जी मारली गेली, तितक्यांचा घास बाकीच्यांना मिळाला आणि एरवी उपाशी मेली असती ती तगली. वसंतात आकडा जवळपास तोच. पुढे ते अनुदान बंद झालं. मर्टन यांना आणखी एक गोष्ट दिसली : थव्याच्या पुढच्या कडेला ढकलली जाणारी दुबळी पाखरं सारखी मान वर करत राहतात, म्हणून कमी खातात आणि अशक्त होतात. थव्यातही सगळ्यांच्या वाट्याला सारखी सुरक्षितता येत नाही.

आपल्याकडची राखण या सगळ्याला धरून आहे. ज्वारीचा दाणा दुधात, मग चिकात असतो ते थोडेच आठवडे खऱ्या काळजीचे. दाणा टणक झाला की लहान चोचींचा उपद्रव कमी होतो. त्या आठवड्यांतही पाखरं सकाळी आणि सांजेला जास्त चरतात. माळ्यावरचा राखणदार नेमका तेव्हा जागा असतो. गोफणीचा फटकारा ऐकू येतो आणि लगेच धोंडा खरोखर पडतो, तोही दर वेळी वेगळ्या जागी. धमकी आणि धोका यांची अशी जोडी असेल तरच पाखराची भीती टिकते. एकाच जागी उभं असलेलं बुजगावणं काही दिवसांत पाखरांना बसायला चांगलं आसन होतं. चकाकती फीत, सीडी, डबा, सगळ्यांचं तेच. ज्यांना दिवसभर माळ्यावर बसता येत नाही त्यांनी निदान बुजगावण्याची जागा, कपडे आणि हात दोन-तीन दिवसांनी बदलावेत, आणि ते दाणा चिकात येण्याआधी महिनाभर उभं करू नये. पाखरांची भीती आधीच संपवून टाकण्यासारखं ते होतं.

पारव्यांचा, म्हणजे शहरातल्या कबुतरांचा, प्रश्न मात्र शेतात सुटणारच नाही. चिंचवड-चाकणच्या शेडचे लोखंडी कैचे त्यांना कड्याच्या कपारीसारखे वाटतात. ते वर्षभर घरटी करतात, एका वेळी दोन अंडी, साधारण १८ दिवसांत पिल्लं बाहेर. मुबलक खाणं असेल तर गोळीनं झालेली घट पाहता पाहता भरून निघते. शेडच्या झरोक्यांना जाळी, तुळयांवर उतार देणारी पट्टी, कॅन्टीनमागचं खरकटं झाकलेलं आणि सोसायटीच्या गच्चीवर ओतलं जाणारं पोतंभर धान्य बंद, एवढं झालं तर पुढच्या पेरणीला हरभऱ्याच्या सऱ्यांवर उतरणारा थवा लहान असेल. ते धान्य टाकणारे हात प्रेमानंच टाकतात, हे मला माहीत आहे. पण शहरानं पोसलेली पाखरं पेरणीच्या दिवसांत ज्याच्या रानात उतरतात, तो शेतकरी त्या गच्चीपासून चार-सहा किलोमीटरवरच राहतो.