केळीचा डाग, ईदचा कुर्ता

रावेरच्या केळीपट्ट्यात डागाळलेले कपडे घरोघरी सापडतात. केळीच्या चिकाला हवा लागली की तो काळपट पडतो, मग साबणाने निघत नाही. थोरल्याचा असा कुर्ता ईदला धाकट्याच्या वाट्याला आला की मूल हिरमुसते. आम्ही तो डाग रंगाखाली घेतो. सुती कापड धुऊन खळ काढायची, आत पुठ्ठा घालायचा, नाहीतर रंग पाठीवर उतरतो. मग डागाचाच आकार धरून फॅब्रिक रंगाचे फराटे, ठिपके, लाटा. पक्षी-प्राणी काढत नाही, म्हणजे तोच कुर्ता नमाजलाही चालतो. डागावर गडद रंगच हवा. फिक्यातून डाग डोकावतो. दिवसभर वाळवून उलट बाजूने इस्त्री करा. तीन दिवस तरी धुऊ नका.