मनी प्लांट खाणारी सापसुरळी

खिडकीतला मनी प्लांट कुत्र्या-मांजरांच्या तोंडाला लागू देऊ नये, असं सांगतात ते खरं आहे. त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात. पान चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळू लागते. पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन द्वीपसमूहात मात्र एक सापसुरळी ही वेल मिटक्या मारत खाते आणि तिला काहीही होत नाही. तिचं शास्त्रीय नाव कोरुसिया झेब्राटा. शेपटीने फांदी पकडते म्हणून हौशी लोक तिला ‘मंकी-टेल्ड स्किंक’ म्हणतात.

आज हयात असलेल्या सापसुरळ्यांमध्ये लांबीने हीच सर्वांत मोठी. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ती ८० सेंटिमीटरपर्यंत भरते आणि त्यातली निम्म्याहून अधिक शेपटीच. अंग हिरवट-राखाडी, डोकं रुंद, जबडा दणकट. बुगनव्हिल, चॉइझुल, ग्वादालकनाल, मलाइता अशा बेटांवरच्या जंगलात उंच झाडांवर तिचा मुक्काम असतो. दिवसा ढोलीत किंवा दाट वेलींत पडून राहायचं आणि अंधार पडला की पानं, फुलं, कोवळे कोंब, फळं शोधत निघायचं, असा तिचा दिनक्रम. खाली उतरताना शेपटीचा वेढा वरच्या फांदीला घट्ट राहतो. पुढच्या पायांना पक्की जागा मिळाली की मगच तो सुटतो. किड्यांच्या मागे धावणाऱ्या आपल्या अंगणातल्या चपळ सापसुरळीला ही आपली नातेवाईक आहे हे सांगूनही पटणार नाही.

शाकाहारी, संथ आणि दिसायला देखणी. पाळायला याहून सोपा सरडा कोणता, असं कुणालाही वाटेल. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिका आणि युरोपातल्या हौशी लोकांना तसंच वाटलं आणि हजारो स्किंक जंगलातून पकडून जहाजा-विमानांनी रवाना झाल्या. तिकडे बेटांवर जंगलतोड चालूच होती, स्थानिक लोक हा प्राणी खातही होते. अखेर १९९२ मध्ये तिचं नाव साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आलं आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन बसलं.

इतक्या मोठ्या उपशाला हा प्राणी पुरा पडूच शकत नव्हता. बहुतेक सरडे ढीगभर अंडी घालून मोकळे होतात. ही पिल्लू जन्माला घालते आणि तेही बहुधा एकच, जुळी क्वचित. गर्भ सहा ते आठ महिने आईच्या पोटात वाढतो आणि वारेतून त्याला पोषण मिळतं. जन्मलेलं पिल्लू आईच्या लांबीच्या जवळजवळ एक तृतीयांश असतं. ते लगेच आपल्या वाटेने जात नाही, कित्येक महिने आईजवळच राहतं. या काळात शांत दिसणारी आई जवळ येणाऱ्यावर फुत्कारते आणि चावतेही. पानं पचवणारे जिवाणू जन्मतः पिल्लाच्या आतड्यात नसतात. मोठ्यांची विष्ठा खाऊन ते मिळवतं. पिंजरा रोज घासूनपुसून लख्ख ठेवणाऱ्या मालकाला हे आधी ठाऊक असायला हवं.

माझ्या मते पाळण्याआधीचा खरा विचार इथेच आहे. हा कुटुंबात राहणारा प्राणी आहे. एकमेकांना आणि आपल्या जागेला ती जीभ लपलपवून वासाने ओळखते. अनोळखी स्किंक सोबत सोडली तर भीषण मारामाऱ्या होतात. दोन नर तर एकत्र नकोतच. क्वचित जुन्या गटातलीच एखादी अचानक नकोशी होते आणि तिला वेगळं काढावं लागतं, म्हणजे दुसरा पिंजरा आलाच.

पिंजरा माणसाच्या उंचीचा हवा, कारण ही आडवी नव्हे, उभी जगते. आत अंगाखाली दबणार नाहीत अशा जाड फांद्या आणि लपायला ढोली हवी. तापमान साधारण २४ ते २८ अंश, उबेची एक जागा ३२ अंशांच्या आसपास, हवेत दमटपणा आणि वर अतिनील किरणांचा दिवा. जेवणात पालेभाज्या, भोपळा, रताळं, जास्वंदीची फुलं चालतात. मनी प्लांट द्यायचा तर घरी वाढवलेला. रोपवाटिकेतल्या रोपावर कीटकनाशक मारलेलं असू शकतं. नखं इतकी तीक्ष्ण की खांद्यावर घेतलं की ओरखडे आलेच. साल्मोनेलाचा धोका सगळ्याच सरड्यांसारखा इथेही आहे, म्हणून हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे. सरड्यांवर उपचार करणारा पशुवैद्य आपल्या गावात आहे का, हे आधीच विचारून घ्यावं, कारण मोठ्या शहरांबाहेर तो मिळणं कठीण. आणि हे सगळं वीस-पंचवीस वर्षं करायचं आहे.

भारतात यात कायद्याचीही भर आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. साइट्सच्या परिशिष्टांतले प्राणी आता कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत. असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला २०२४ च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पुढे पिल्लू झालं, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा तो मेला, तरी कळवावं लागतं. बँकॉकहून आलेल्या सामानात दडवलेले विदेशी प्राणी मुंबई विमानतळावर पकडल्याच्या बातम्या वारंवार येतात. त्या वाटेने आलेल्या प्राण्याला कागदपत्रं कुठून असणार?

मला विचाराल तर घरात ही आणू नये. वर्षा-दोन वर्षांनी एक पिल्लू देणाऱ्या प्राण्याला हौसेचा बाजार परवडत नाही. तरीही कुणी विकायला आणलीच, तर पैशांची बोलणी करण्याआधी ती बंदिवासात जन्मल्याचा पुरावा, आयातीचा परवाना आणि नोंदणीपत्र मागा. टाळाटाळ झाली तर वन विभागाला कळवा. महाराष्ट्रात त्यासाठी ‘हॅलो फॉरेस्ट’चा १९२६ हा क्रमांक आहे.