जमिनीच्या पोटांतील ठेव

उत्तर ध्रुवाकडील प्रदेशांत जमीन बारमाही गोठलेली असते. तिचा आपल्या काळ्या रानाशीं काय संबंध, असा प्रश्न वाचकांस पडेल. परंतु तेथील शेतकऱ्याचें जें नुकसान झालें, त्याचें कारण आपल्याही ओळखीचें आहे.

सायबेरियांतील याकुत्स्क येथें १८२८ च्या सुमारास शेर्गिन नांवाच्या गृहस्थानें पाण्यासाठीं विहीर खणावयास घेतली. ११६ मीटर खोल जाऊनही पाणी लागलें नाहीं. तळापर्यंत जमीन गोठलेलीच होती. हिमयुगांत त्या प्रांतीं वाऱ्यानें व नद्यांनीं आणलेला गाळ थरावर थर साचला. आपल्या काळीस उन्हानें भेगा पडतात, तशा तेथें थंडीनें पडतात. त्या भेगांत हिमाचें पाणी शिरून गोठलें, आणि वर्षानुवर्षें बर्फाच्या पाचरी वाढत गेल्या. कित्येक ठिकाणीं जमिनीचा निम्म्याहून अधिक भाग बर्फाचाच आहे.

वरचें जंगल हें त्या बर्फाचें पांघरूण होय. शेतीसाठीं तें तोडलें कीं ऊब खोल जाते, बर्फ वितळतो आणि शेत खचून त्यांत उंचवटे व खळगे होतात. चुरापचा गांवाजवळचीं कित्येक शेतें अशींच सोडून द्यावीं लागलीं.

आपल्या शिरोळकडील गाळाच्या खोल जमिनींत बर्फ नाहीं, पण खडक झिजून सुटलेले क्षार आहेत. पाणी बेताचें होतें तोंवर ते निजून होते. उसास बेसुमार पाणी मिळूं लागतांच भूजल वर आलें, त्याबरोबर क्षारही आले. पाणी उडून गेलें, क्षार मात्र राहिले. नीरेच्या खोऱ्यांतील अशा खारवट जमिनींवर डॉ. हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी यांनीं १९१० मध्येंच पुस्तिका लिहिली होती. इशारा जुना आहे.

वितळलेला बर्फ पूर्ववत् करणें मनुष्याच्या हातीं नाहीं. क्षार मात्र धुऊन काढतां येतात. जमिनीखालीं सच्छिद्र नळ्या घालून शिरोळ तालुक्यांत पडीक जमिनी पुन्हां पिकाखालीं आल्या आहेत. परंतु नळीचें पाणी ओढ्यास पोंचावयाचें, तर तें शेजाऱ्याच्या रानांतूनच जाणार. हें काम एकट्याचें नव्हे. म्हणून शिवाजी पेठेंत राहून नदीकाठीं जमीन कसणाऱ्या बंधूंनीं पाणी मोजून द्यावें, आणि रान पांढरें पडण्यापूर्वीं बांधाला बांध लागून असलेल्यांशीं चराविषयीं बोलून ठेवावें.