बऱ्या झालेल्या स्त्रियांचा कायमचा पत्ता

राष्ट्रीय सेवा योजनेच्या काही विद्यार्थ्यांसमवेत गेल्या वर्षी एका निवासी संस्थेत जाण्याचा योग आला. घरच्यांनी टाकलेल्या व मानसिक आजारातून सावरत असलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय मिळतो. त्या दिवशी आधार कार्डाचे अर्ज भरण्याचे काम चालू होते. पन्नाशीच्या घरातील एका बाईंनी आपले नाव, वडिलांचे नाव, जन्मगाव सारे नीट सांगितले. पत्त्याच्या रकान्यापाशी मात्र त्या थांबल्या. आधी त्यांनी सासरचा पत्ता सांगितला, मग तो खोडायला लावून माहेरचा सांगितला आणि अखेरीस म्हणाल्या, “राहू द्या, इथलाच घाला.” घरी जाण्याइतक्या त्या दोन वर्षांपूर्वीच बऱ्या झाल्या आहेत, असे अधीक्षिकांनी आम्हांस नंतर सांगितले.

मानसिक आजारामुळे स्त्री घराबाहेर पडते, असे आपण म्हणतो. वस्तुतः आजारामुळे तिचे काम थांबते आणि काम थांबल्यावर तिची घरातील जागा जाते, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. राष्ट्रीय उत्पन्नाचा धडा शिकवताना आम्ही प्राध्यापक मंडळी पिगू यांचे एक जुने उदाहरण देतो. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकामवालीशी विवाह केला, तर देशाचे राष्ट्रीय उत्पन्न तेवढ्याने घटते. कारण काम तेच राहते, पण पगार बंद होतो. वर्गात हशा पिकतो आणि आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालवापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात. असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. या पाच तासांची मजुरी कोणत्याही वहीत लिहिली जात नाही. मात्र ज्या दिवशी स्वयंपाक होत नाही, मुलांकडे लक्ष राहत नाही, त्या दिवशी तिची किंमत घराला अचूक कळते. पती आजारी पडला तर पत्नी बहुधा त्याला सांभाळते. पत्नी आजारी पडली तर तिला ‘हवापालटासाठी’ माहेरी धाडले जाते. तेथे वडील असेतोवर बरे चालते. पुढे भावांचे संसार वाढतात, आणि एके दिवशी मनोरुग्णालयाच्या नोंदवहीत अपुरा किंवा खोटा पत्ता लिहून नातेवाईक निघून जातात. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकाराच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद आहे. पण पुष्कळदा तेवढाही सोपस्कार कोणी करत नाही. कारण घटस्फोट म्हटला की पोटगीचा प्रश्न आलाच.

येथे कुटुंबांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. हातावर पोट असलेल्या भावाला बहिणीच्या औषधासाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे पडते आणि औषध तेथे मिळेलच अशी शाश्वती नसते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत तीव्र मानसिक विकार असलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक उपचाराविना असल्याचे आढळले होते. अशा स्थितीत प्रत्येक भावाला निष्ठुर ठरवणे सोपे आहे, पण खरे नाही. हक्कसोडपत्राची गोष्ट वेगळी. महाराष्ट्राने १९९४ मध्येच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीने वाटा दिला, आणि कोणत्याही रोगाच्या किंवा व्यंगाच्या कारणाने कुणाचा वारसाहक्क जात नाही, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचे २८ वे कलम स्पष्ट सांगते. तरीही बहिणीचा अंगठा घेताना तिचा आजार कुणाला आड येत नाही. तिला घरात ठेवून घेताना मात्र तोच आजार आठवतो.

कायद्याने आपल्या परीने पुष्कळ केले आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ऑगस्ट २००१ मध्ये साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले, तेव्हा देश हादरला होता. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा राहायला घर नाही एवढ्याच कारणासाठी कोणालाही रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही, असे त्याचे १९ वे कलम म्हणते. टाकून दिलेल्या व्यक्तीला कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क बजावण्यासाठी सरकारने कायद्याचे साहाय्य द्यावे आणि निवासाच्या मुक्त सोयी वाजवी मुदतीत उभाराव्यात, असेही ते सांगते. ‘वाजवी मुदत’ म्हणजे किती, हे ठरवणे अर्थात सरकारच्याच हाती राहिले. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील आपल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतून बऱ्या झालेल्या माणसांना जायला जागा नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्राने यावर काढलेला उपाय असा होता, की काही रुग्णांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवावे. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तो थांबवण्याचा आदेश द्यावा लागला. ज्यांनी कधी भीक मागितली नाही, त्यांना भिक्षेकरी म्हणून नोंदवताना कुणाच्या लेखणीला अडखळल्यासारखे झाले नाही, याचे मला नवल वाटते.

स्वयंसेवी संस्थांचे ऋण मोठे आहे. नगरजवळ डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे या दांपत्याने रस्त्यावर फिरणाऱ्यांना जेवण देण्यापासून आरंभ करून बेवारस स्त्रियांसाठी ‘माउली’ उभी केली. डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा संस्थेने कर्जतहून हजारो रुग्णांना देशभरातील त्यांच्या घरी पोहोचवले. २०१८ चे मॅगसेसे पारितोषिक त्यांना मिळाले ते याच कार्यासाठी. घर शोधून काढणे ही थोडी गोष्ट नव्हे. पण घरात पाऊल टाकताच औषध बंद होते, किंवा तिच्या जागी दुसरी आलेली असते, अशा ठिकाणी तिला पोहोचवून काय साधणार? अशा वेळी तिला जाण्यासाठी दुसरे दार उघडे हवे.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. आम्ही पाहिलेल्या संस्थेत पोळ्या लाटणे, धुणे, वाती वळणे ही सारी कामे त्या स्त्रियाच करतात. कामाने मन रमते, हे मान्य. पण त्याला उपचार म्हटले की मजुरीचा प्रश्न संपतो, हे मान्य करता येत नाही. रुग्णाला संस्थेत सक्तीने काम करायला लावू नये आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यावा, असे याच कायद्याचे २० वे कलम सांगते. ज्या बिनमोल श्रमांवर ती सासरी नांदत होती, तेच श्रम तिने आश्रमात विनावेतन करावेत, याला पुनर्वसन कसे म्हणावे? संस्थाचालकांना हे कटू वाटेल, कारण देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला मजुरीचा बोजा खरोखरच जड असतो. तो बोजा शासनाने उचलावा. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान आहे, पण त्यासाठी राज्यात किमान पंधरा वर्षे वास्तव्य असल्याचा दाखला लागतो. रस्त्यावरून आलेल्या बाईने तो कोणत्या तलाठ्याकडून आणावा?

चेन्नईत १९९३ मध्ये वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी बेघर मनोरुग्ण स्त्रियांसाठी ‘द बॅनियन’ ही संस्था काढली. बऱ्या होऊनही घरी जाऊ न शकणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न याही संस्थेपुढे उभा राहिला. तेव्हा तिने साध्या वस्तीत भाड्याने घरे घेतली. चार-पाच जणी एकत्र राहतात, बाजारहाट करतात, जमेल तशा कामाला जातात, भांडतातही. सोबतीला एक कार्यकर्ती असते आणि औषधोपचार चालू राहतात. घराला फाटक नसते, पहारा नसतो. तमिळनाडूबाहेरही हा प्रयोग गेला आहे.

आपल्याकडे प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी अशी दोन-तीन घरे घेण्यास नव्या इमारती लागत नाहीत, भूमिपूजने लागत नाहीत. कदाचित म्हणूनच ती होत नसावीत. तीन खोल्यांचे भाडे, सोबतिणीचा पगार, जिल्हा रुग्णालयातून औषधे आणि पहिली दोन वर्षे कामाच्या मजुरीला शासनाची जोड, एवढाच हा खर्च आहे. भाडेपट्टी त्या स्त्रियांच्या नावे करावी, म्हणजे बँकेच्या आणि शिधापत्रिकेच्या अर्जावर पत्ता कोणता घालायचा हे त्यांना अधीक्षिकांना विचारावे लागणार नाही.