चित्राची किंमत आणि चित्रकाराचे नाव

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात रंगाचे काम करणारे हात पुष्कळ आहेत. कोणी दुकानाच्या पाट्या रंगवतो. कोणी तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवतो. कोणाची सून भिंतीवर असा मोर काढते, की येणारा-जाणारा उभाच राहतो. लोक वाहवा करतात. पण वाहवाने चूल पेटत नाही. कोणी चित्र विकत मागितले, तर आपण म्हणतो, "द्या जी काही बी, तुमच्या मनानं." इथेच आपले नुकसान होते. चित्र विकण्याचीही रीत असते. ती आज पाहू.

आधी एका खऱ्या चित्रकाराची हकिकत ऐका. आपल्या राज्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकडे, पालघर जिल्हा आहे. तिथे वारली लोक राहतात. लग्नघरी त्यांच्या सवाष्ण बाया तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. ते चित्र भिंतीवरच राहायचे. भिंत काही बाजारात नेता येत नाही. आणि ते कोणी काढले, हेही बाहेर कोणाला कळत नसे.

१९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी नावाचे गृहस्थ त्या भागात गेले. त्यांनी वारल्यांना कागद दिला. डहाणू तालुक्यातील गंजाड गावचे जिव्या सोमा म्हसे कागदावर चित्रे काढू लागले. मासे धरण्याचे जाळे, शेतीची कामे, नाचणारी माणसे, सारे त्यांनी काढले. कागद उचलून नेता येतो. चित्र मुंबईला गेले, परदेशी गेले. त्याबरोबर म्हसे यांचे नावही गेले. २०११ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २०१८ साली ते वारले. त्यांचे नाव मात्र राहिले.

यातून आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट, चित्र नेता येईल अशा वस्तूवर काढा. कागद, कापड, लाकडी फळी, काहीही चालेल.

दुसरी गोष्ट, किंमत हिशेबाने ठरवा. समजा, कागद व रंगाला १५० रुपये लागले. चित्राला ३ दिवस गेले. रोज ४०० रुपये धरला, तर मजुरी १२०० झाली. जाण्यायेण्याचे भाडे ५०. एकूण १४०० रुपये. याहून कमी घेतले, तर पदरचे गेले. याच्या वर कलेचे मोल धरा.

तिसरी गोष्ट, गिऱ्हाईक असेल तिथे जा. वणीची रंगनाथ स्वामींची यात्रा आहे, तालुक्याचा बाजार आहे. मुंबईत महालक्ष्मी सरस हे बचतगटांचे प्रदर्शन भरते. गटातील बायांनी पंचायत समितीत उमेद अभियानाकडे त्याची चौकशी करावी. केंद्र सरकारच्या हस्तशिल्प विभागाकडून कारागिरांना ओळखपत्र मिळते. सरकारी प्रदर्शनात जागा मागताना ते कामी येते. विकण्याआधी चित्राचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या गिऱ्हाइकाला तो दाखवता येतो.

चौथी गोष्ट, दुकानात चित्र विकायला ठेवले, तर लिहून घ्या. चित्रे किती, किंमत काय, दुकानदाराचा वाटा किती, पैसे कधी मिळणार, आणि खाली दोघांच्या सह्या. ओळखीचा असला तरी लिहून घ्यावे. त्याने ओळख बिघडत नाही, उलट टिकते.

पाचवी गोष्ट सर्वांत मोठी. चित्राच्या कोपऱ्यात आपले नाव व साल लिहा. वारली चित्रांच्या नकला कपांवर, साड्यांवर पुष्कळांनी छापल्या. शेवटी २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ती कला त्या मुलखाची असे सरकारदरबारी नोंदले गेले. एकट्या चित्रकारासाठीही कायदा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, आपण आपल्या मनाने काढलेल्या चित्राच्या नकला छापण्याचा हक्क आपला असतो. चित्र विकले म्हणून तो हक्क जात नाही. सही करून लेखी दिला, तरच जातो. आपल्या माघारी ६० वर्षे तो मुलाबाळांकडे राहतो.

म्हणून आम्ही सांगतो, न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नका, अंगठाही देऊ नका. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. व्यापाऱ्याचा कागद ओळ न ओळ वाचा. न समजले तर उद्या या म्हणा, आणि जाणत्याला विचारा. लिहायलाही शिकला आहात. मग पुढचे चित्र पुरे झाले, की त्यावर आपले पूर्ण नाव लिहा आणि गावाचेही लिहा.