खाली रिकामीच राहू दे

मांडवात आरती चालू आहे आणि मी तिच्या आडून बेसचा जॅक लावून पाहतो. स्पीकरमधून लगेच घुरघुर सुरू होते. मिक्सरपाशी बसलेला साउंडवाला लांबूनच पंजा दाखवतो, थांब म्हणून. ही घुरघुर पन्नास हर्ट्झची, सदोष अर्थिंगची. माझ्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला जो सूर मिळतो, म्हणजे पांढरी पाच, त्याच्या अगदी केसभर वर ती बसलेली असते. धड सुरात नाही आणि धड सुराबाहेरही नाही. आमचा ड्रमर दिवसा वायरमनचं काम करतो. तो मंचाखाली शिरतो, कुठलीतरी पिन काढून दुसरीकडे खोचतो, आणि घुरघुर थांबते.

गोव्यातल्या पाळी गावच्या ट्रकमालकांची वार्षिक सत्यनारायण पूजा आहे. मांडव रस्त्याला लागून घातलाय आणि पलीकडे खाणीचे टिपर रांगेनं उभे आहेत, धुतलेले, झेंडूचे हार घातलेले. धुतले तरी चाकांच्या वर मातीची तांबडी कड राहिलीच आहे. ती इथे घरांच्या भिंतींवर, केळीच्या पानांवर, देवळाच्या पायरीवर सगळीकडे दिसते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली. मधे थोडं सुरू झालं आणि १६ मार्च २०१८ पासून पुन्हा सगळं ठप्प. टिपर दारात गंजत उभे असलेल्या त्या वर्षांत अशा पूजांना तीर्थप्रसाद आणि भजन, एवढाच कार्यक्रम असायचा. ऑर्केस्ट्रा बोलावणं हे इथे धंद्याच्या तब्येतीचं लक्षण आहे. आम्हाला बोलावलंय, म्हणजे बरं चाललेलं असावं.

आम्हाला मिळतं ते साउंडच्या भाड्यात आणि पेट्रोलमध्ये जातं. कीबोर्डवर प्राथमिक शाळेचे गुरुजी, ऑक्टोपॅडवर औषधांच्या दुकानातला मुलगा, तबल्यावर त्याचेच चुलते. गाणारे दोघे. एक बार्जवर नोकरी केलेले काका, ज्यांचा गळा नाट्यसंगीतावर पोसलेला. दुसरी अंगणवाडीत शिकवणारी आमची ताई, जी कोंकणी गायिका लोर्नाची गाणी म्हणायला लागली की मागच्या रांगेतले ड्रायव्हर उभे राहतात. मी पतसंस्थेत कारकून आहे आणि रात्री बेस वाजवतो.

आरतीला घुमट आहे. मंचाच्या कडेला एक आजोबा मांडीवर घुमट घेऊन बसलेत, शेजारी शामेळ आणि कांसाळं. घुमट म्हणजे दोन तोंडांचं मडकं. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड उघडं. उजवा हात कातड्यावर आणि डावा त्या उघड्या तोंडावर. पंजा झाकला की आवाज आत दाबला जातो, उघडला की सुटतो, आणि झाकता झाकता वाजवलं की खालून वर चढत जातो. पूर्वी याला घोरपडीचं कातडं असायचं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण इथल्या हातांना बकरीच्या कातड्याची सवय व्हायला त्यानंतर बराच काळ गेला. २०१९ मध्ये सरकारनं घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. आजोबांच्या वाजवण्यात त्यानं काही फरक पडलेला दिसत नाही. ते डोळे मिटून वाजवताहेत आणि त्यांचा खालचा ठोका मंचाच्या फळीतून माझ्या तळपायाला कळतोय. मी मनातल्या मनात मोजतो. तो ठोका नेमका तिथे आहे, जिथे मी थोड्या वेळानं बसणार आहे.

आरती संपते, शिऱ्याचे द्रोण फिरतात, आणि साउंडवाला म्हणतो, “बेस दी रे.”

मी सगळ्यात खालची तार मोकळी छेडतो. एक्केचाळीस हर्ट्झ. या सुराची एक लाट आठ मीटरहून लांब असते, म्हणजे माझ्यापासून मांडवाच्या मधल्या खांबापर्यंत. तसं पाहिलं तर भाड्याचे हे पंधरा इंची स्पीकर एवढं खाली धड उतरतच नाहीत. ते त्या सुराच्या वरच्या दुप्पट-तिप्पट कंपनांचे आवाज देतात आणि ऐकणाऱ्याचा कान त्यावरून खालचा सूर आपला आपण उभा करतो. निम्मा बेस मी वाजवतो, उरलेला लोक डोक्यात वाजवतात.

मग मी पाचव्या फ्रेटवर जातो आणि मांडवाच्या मागच्या बाजूचा पत्रा खडखडायला लागतो. समितीचे अध्यक्ष लगबगीनं येतात.

“पत्रो वाजता रे, मातसो उणो कर.”

आवाज कमी करून उपयोग नसतो, पत्र्याचा तो एकच सूर आहे. आज रात्री पांढरी सहा खालून घ्यायची नाही, वरच्या सप्तकातली घ्यायची, एवढं मी ठरवून टाकतो. प्रत्येक मांडवाला असा एक नकोसा सूर असतो, तो कार्यक्रमाआधी सापडला तर नशीब.

सुरुवात गणपतीच्या गाण्यानं, मग हिंदी. राहुलदेव बर्मनचं गाणं आलं की मी सुखात असतो. त्यांच्या वाद्यवृंदात बेस गिटारवर टोनी वाझ असायचे. त्या गाण्यांमध्ये बेस नुसता खाली बसून राहत नाही, हिंडतो. गायक ओळ संपवून श्वास घेतो तेवढ्यात चार सूर चढून जातो आणि पुढच्या ओळीच्या आत परत येतो. ते चार सूर मला मिळाले की माझा दिवस भरला. आजही मिळतात. ड्रमर माझ्याकडे बघून मान हलवतो. ताईचं कोंकणी गाणं होतं, क्रिस पेरीच्या चालीचं, आणि ड्रायव्हर खरोखरच उभे राहतात. एकजण नाचत नाचत शिट्टी वाजवतो. बायका हसून पदर तोंडाला लावतात.

दव पडायला लागलंय. तारा बोटांना ओलसर लागतात आणि गिटारची मान हळूहळू सूर सोडते. प्रत्येक गाण्यामागे मी तारा जुळवून घेतो.

आता काका पुढे येतात, माइकची उंची स्वतः कमी करतात आणि मागे न बघता म्हणतात, “काळी दोन.”

गोव्यात गाणाऱ्याला सूर असा सांगायची सवय, पेटीच्या पट्ट्यांवरून. गुरुजींना त्याचं काही नाही, ते कीबोर्डवर बटण दाबून पट्टी बदलतात. माझी मात्र काळी दोनला एकही मोकळी तार नाही. षड्ज दाबून धरायचा, पंचम दाबून धरायचा, डावा हात सतत अडकलेला. म्हणून मी जाड तारेची खुंटी अर्धा सूर उतरवतो, म्हणजे षड्ज मोकळ्या तारेवर येतो. तार सैल पडून थोडी फडफडते, पण गाण्याखाली तेच बरं वाटतं. तंबोरा सोबत नाही, तेव्हा तंबोऱ्याचं थोडंसं काम माझ्याकडेच आलेलं असतं.

अभिषेकीबुवांची चाल आहे. बुवा मंगेशीचे, इथून एका नदीपलीकडचे, त्यामुळे ‘मत्स्यगंधा’ आणि ‘कट्यार काळजात घुसली’ या दोन नाटकांमधली पदं इथला माणूस स्वतःच्या घरातली समजून ऐकतो आणि चुकलं तर स्वतःच्या घरातल्यासारखं रागावतोही. तबला त्रितालात बसतो. मी समेवर एक षड्ज ठेवतो, पाचव्या मात्रेवर पंचम, आणि थांबतो.

आता इथे एक मोह असतो. त्रितालात दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्गा बोलत नाही, नुसता उजव्या हाताचा तबला वाजतो. तेवढ्या चार मात्रा खालची सगळी जागा रिकामी असते. डग्ग्याशी टक्कर नाही, ड्रम गप्प, कीबोर्ड वर कुठेतरी. बेसवाल्याला वाटतं, ही जागा आपल्यासाठीच सोडलीय. ऑर्केस्ट्रातले कितीतरी बेसवाले तिथे नेमाने दोन-तीन सूर भरतात आणि गाणं कसं भरल्यासारखं वाटतं म्हणून स्वतःच खूश होतात. माझ्या मते हा गुन्हा आहे. तालातली ही खाली मोकळी असते म्हणून तर बसलेल्याला कळतं की सम आता येते आहे. तिथे बेस घुमला की सम आली काय आणि गेली काय, ऐकणाऱ्याच्या मानेला झटका बसत नाही. हिंदी गाण्यात हिंडावं, इथे नाही.

काका तान घेऊन येतात. नववी मात्रा, दहावी, मी बोटं तारेवर सपाट ठेवून तार दाबून धरतो. आणि बरोबर त्या रिकाम्या जागेत बाहेर कोणीतरी टिपर सुरू करतो.

सहा सिलिंडरचं इंजिन रिकामं चालताना मिनिटाला सहाशे फेरे घेत असेल, तर सेकंदाला तीस स्फोट होतात. माझ्या उतरवलेल्या तारेपेक्षाही खाली. मांडवाची जमीन बारीक थरथरते. काका समेवर येतात, मी षड्ज देतो, आणि तो षड्ज त्या इंजिनात पार विरघळून जातो. गुरुजी मागे वळून बघतात. बेस बंद पडला असं त्यांना वाटतंय. अध्यक्ष धावत बाहेर जातात. ट्रक कुठल्यातरी गाडीला वाट द्यायला मागे घ्यायचा होता म्हणे. तो मागे जातो, बंद होतो. काकांनी तोवर अंतरा सोडलेला नाही. आयुष्य बार्जच्या इंजिनशेजारी काढलेल्या माणसाला या आवाजाचं काय!

पावणेदहा. साउंडवाला घड्याळ दाखवतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहाला स्पीकर बंद. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, आजचा दिवस त्यात नाही. शेवटचं एकच होईल. काका अभंग घेऊया म्हणतात, आणि मग त्यांना काय वाटतं कोण जाणे, कडेला बसलेल्या आजोबांना हात करतात. “येयात वयर.”

आजोबा घुमट घेऊन मंचावर येतात आणि जागा नसल्यामुळे माझ्या ॲम्प्लिफायरला टेकून बसतात. साउंडवाला त्यांच्यासमोर एक माइक ठेवतो आणि दोन आवर्तनांत कपाळाला हात लावतो. डग्गा, घुमट आणि बेस, तिघेही एकाच मजल्यावर. आवाजाचा नुसता चिखल झालाय. तो माझ्याकडे बघतो, मी खांदे उडवतो. कोणीतरी उठायला हवं, आणि मडक्याला बटण नाही. मी माझा आवाज उतरवतो. फक्त समेवर एक षड्ज, बाकी काही नाही. मग घुमट सुटा ऐकू येतो. आजोबांचा डावा पंजा उघडतो तेव्हा ठोका वर चढतो, आणि ती चढण मला बेसवर बोट घसटत नेऊनही कधी जमलेली नाही. तारेवर आवाज सरकवावा लागतो. इथे तो सरकताना वाटत नाही, फुगतो.

शेवटच्या चरणावर असतानाच दहा वाजतात. साउंडवाला अगदी नियमाचा माणूस आहे. तो मुख्य बटण खाली ओढतो.

कीबोर्ड जातो, ऑक्टोपॅड जातो. माझ्या हातात चार तारांची टकटक उरते, ती माझी मलाच ऐकू येते. काका थांबत नाहीत. ते गळा थोडा वर उचलतात, तबला चालूच आहे, पुढच्या रांगेतल्या बायका टाळ्या धरतात. आणि आजोबा, ज्यांना बहुधा स्पीकर बंद झालेला कळलाही नाही, तसेच डोळे मिटून वाजवताहेत. पत्र्याच्या शेडखाली, टिपरांच्या रांगेपर्यंत, नुसत्या मडक्याचा आवाज जातोय. मी सवयीनं समेवर तार छेडतो. शेजारच्या ड्रमरलाही ती ऐकू येत नाही.

टाळ्या पडतात. अध्यक्ष नारळ आणि पाकिटं वाटतात, पुढच्या वर्षीचं आत्ताच ठरवू म्हणतात. शिऱ्याचं पातेलं मंचामागे येतं. मी केबल गुंडाळत असताना आजोबा घुमट पंच्यात बांधतात आणि विचारतात, पुढचा कार्यक्रम कुठे. पेडण्याला, मी सांगतो, एका जत्रेत.

“म्हाका व्हरशी?”

न्यायला काय, मी म्हणतो, पण गाडीत जागा नाही. आणि आजोबा, आपण दोघं खाली एकदम वाजवलं की काही कळत नाही हो. म्हणून तर शेवटी मी फक्त समेवर वाजवत होतो.

“समेर तरी कित्याक? सम म्हजी आसली.” ते माझ्या ॲम्प्लिफायरवर थाप मारतात, आवाज तपासून बघितल्यासारखी. “हो पेटारो घरा दवर. म्हजें घुमट मांडयेर रावता.”

ड्रमर ॲम्प्लिफायरची दुसरी कडी धरायला आलेला आहे. तो कडी सोडून देतो आणि म्हणतो, खरंच रे, विचार कर, तीस किलो आहे हा.