वीज वाचविणे हीसुद्धा विद्याच आहे

बारावीचे निकाल लागले की मुडबी आणि आसपासच्या गावांत एकच चर्चा सुरू होते. मुलगा हुशार असेल तर इंजिनिअर, मुलगी हुशार असेल तर डॉक्टर, नाहीतर बी.एड. त्यापलीकडे आपली यादी जात नाही. म्हणूनच, "सर, ऊर्जा आणि हवामान बदलावर काम करणारी माणसे नेमके काय करतात? त्यांना पगार कोण देतो?" असे आमच्या वर्गातील एका शेतकऱ्याच्या मुलीने विचारले, तेव्हा मला बरे वाटले. तिच्या घरी बी.एड.चा आग्रह होता आणि अर्ज भरायला फार दिवस उरले नव्हते. मी तिला दोन माणसांची माहिती दिली. एक कन्नड मातीतले, एक मराठी.

पहिले प्रा. अमूल्य रेड्डी. १९३० साली बंगळुरात जन्मलेले रेड्डी मुळात विद्युत-रसायनशास्त्राचे प्राध्यापक. बोक्रिस यांच्यासह त्यांनी लिहिलेला ग्रंथ जगभरच्या विद्यापीठांत अभ्यासला गेला. तरीही १९७४ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी 'अस्त्र' हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा कार्यक्रम उभा केला. तुमकूर जिल्ह्यातील पुरा गावात शेणापासून गोबरगॅस, गॅसवर इंजिन आणि त्यावर गावाला पाणी व दिवे असा प्रयोग झाला. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने चूल आणि शेण यांचा अभ्यास करावा, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले असेल.

रेड्डींचे म्हणणे सोपे होते. माणसाला वीज नको असते. त्याला उजेड, पाणी, शिजलेले अन्न हवे असते. मग किती वीज लागेल हे विचारण्याआधी कोणते काम किती कमी विजेत होईल, ते मोजा. १९८७ च्या सुमारास कर्नाटकासाठी सरकारी समितीने प्रचंड वीज प्रकल्पांची योजना मांडली. रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दुसरा हिशेब प्रसिद्ध केला. चांगले पंप, चांगले दिवे, पाणी तापवायला सूर्यबंब असे केले, तर प्रत्येक घरी वीज देऊनही निम्म्याहून कमी विजेत राज्याचे भागेल, असे त्यांनी आकड्यांनी दाखवले. ब्राझील, स्वीडन आणि अमेरिकेतील तीन तज्ज्ञांबरोबर त्यांनी हाच विचार जगापुढे मांडला. त्या चौघांना मिळून २००० साली व्होल्वो पर्यावरण पुरस्कार मिळाला. २००६ मध्ये रेड्डी गेले.

दुसरे गिरीश संत. आय.आय.टी. मुंबईत शिकलेल्या या तरुणापुढे भरपूर पगाराच्या नोकऱ्यांची वाट मोकळी होती. त्यांनी मित्रांसह पुण्यात 'प्रयास' ही संस्था उभी केली आणि विजेचे हिशेब तपासणे हेच आयुष्याचे काम मानले. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा करार सामान्य ग्राहकाला किती महाग पडेल, हे 'प्रयास'ने आकडेमोड करून लोकांपुढे ठेवले. संत आणि शंतनू दीक्षित यांनी महाराष्ट्राच्या वीज नियोजनाचा रेड्डींच्या वाटेने अभ्यास केला. तो २००० साली छापून आला, तोही रेड्डींनी उभ्या केलेल्या संस्थेच्या बंगळुरूहून निघणाऱ्या नियतकालिकात. पुणे आणि बंगळुरू यांची ही गाठ आपल्यासारख्या दुभाषी घरांना आवडावी अशीच आहे.

पुढे संतांचे लक्ष पंख्याकडे गेले. साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नव्या मोटारीचा ३० वॅटच्या आसपास. रोज १२ तास आणि वर्षात २०० दिवस धरले, तर एका पंख्यामागे शंभराहून जास्त युनिट वाचतात. तेवढा कोळसा रायचूरसारख्या केंद्रात जळायचा राहतो. असे पंखे बनविणाऱ्या कारखान्यांना सरकारने प्रोत्साहन द्यावे, ही कल्पना 'प्रयास'ने लावून धरली आणि ती केंद्राच्या ऊर्जा दक्षता अभियानात आली. फेब्रुवारी २०१२ मध्ये वयाच्या ४६ व्या वर्षी संतांचे निधन झाले. २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचे झाले, ते पाहायला ते नव्हते. 'प्रयास'मध्ये काम केलेले डॉ. अमोल फडके पुढे अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत याच विषयाचे शास्त्रज्ञ झाले.

आता पगाराचे. केंद्र सरकारचा ऊर्जा दक्षता ब्यूरो २००२ पासून काम करतो. ऊर्जा व्यवस्थापक आणि ऊर्जा परीक्षक यांच्यासाठी राष्ट्रीय परीक्षा होते. साखर, सिमेंट, कापड अशा कारखान्यांत त्यांची गरज असते. वीज कंपन्या, नियामक आयोग, संशोधन संस्था, विद्यापीठे येथेही जागा आहेत. शिक्षणासाठी आय.आय.टी. मुंबईचा ऊर्जा विभाग आहे, बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत दिवेचा हवामान बदल केंद्र आहे. अर्थशास्त्र व कायदा शिकलेल्यांनाही यात स्थान आहे, कारण वीजदर ठरविणे हा नुसता इंजिनिअरचा विषय नाही. स्वयंसेवी संस्थांत पगार बेताचा असतो आणि सोयरिकीच्या बैठकीत हे काम समजावून सांगणे अवघड जाते, हेही मी त्या मुलीपासून लपविले नाही.

पण आपल्या मुलांजवळ एक भांडवल आहे. कर्नाटकात १० एच.पी.पर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत आहे. तरी कमी व्होल्टेजने मोटार जळली की वाइंडिंगचा खर्च शेतकऱ्याच्याच खिशातून जातो. फूट व्हॉल्व कसा आहे, पाइप किती अरुंद आहे, रात्री किती वाजता 'करंट होय्तु' म्हणून आजी ओरडते, हे शहरातल्या तज्ज्ञाला विचारून घ्यावे लागते. आपल्या मुलांना ते दोन्ही भाषांत ठाऊक असते. इंग्रजी आणि गणित शिकता येते.

ती मुलगी सध्या आपल्या शेतातल्या पंपाची नोंद वहीत करते आहे : किती तास चालला, किती घागरी पाणी आले. बी.एड.चा अर्ज तिने भरलेला आहे. निर्णय तिचा आणि तिच्या घरच्यांचा. पालकांनी एवढेच करावे, की असा प्रश्न घरात आला तर "त्यात काय नोकरी आहे?" म्हणून तो मोडून काढू नये.